पिवळी नळी

१

अनुषा पाण्याखाली जे चित्रीकरण करते, त्यातला आवाज पुसून टाकणं हे माझं काम.

अनुषा माझी मुलगी. स्कूबा शिकवणाऱ्या एका संस्थेत ती कॅमेरा चालवते. समुद्रात नाही, इथेच बेंगळुरात, कनकपुरा रस्त्याच्या टोकाला त्यांचा खोल पोहण्याचा तलाव आहे. ऑफिसातली मुलंमुली सुटीला हौसेने येतात, पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी उतरतात, गुडघे टेकून ओळीने बसतात आणि हात हलवतात. अनुषा समोरच्या भिंतीला पाठ लावून बसते, म्हणजे कॅमेरा डुलत नाही. प्रत्येकाला शेवटी एक छोटी फिल्म मिळते. ती फिल्म कापायची, जोडायची आणि खाली संगीत घालायचं, हे मी घरी करते. बसवनगुडीतल्या आमच्या घरात देवघराच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या, आता कॉम्प्युटर आहे. मी दहावीच्या पुढे शिकले नाही. पण अनुषाने शिकवलं आणि मला ते जमलं. अनुषाचे वडील गेल्यानंतर एवढ्या मनापासून मी दुसरं काही शिकले नव्हते.

मूळचा आवाज कुणालाच नको असतो. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे ऐकू येतो तो कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास. घेताना लांब फुसकारा, सोडताना बुडबुड्यांची खळखळ. संस्थेचा मालक शंतनु पुण्याचा आहे. तो म्हणतो, "काकू, तो साउंड आधी उडवायचा. लोकांना दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

मी उडवते. पण आधी ऐकते. लहानपणी अनुषाला बाळदमा होता. तिच्या छातीशी कान लावून मी बसलेली असायची. दमा गेला, पण श्वास घेताना शेवटी एक बारीक अडखळ राहिली, जिन्यात एखादी पायरी चुकावी तशी. दुसऱ्या कुणाला ती कळणारही नाही. पाण्याखालीही ती असते. ती ऐकली की पोर बरी आहे असं वाटतं, आणि मग मी पुसते.

त्या दिवशी सकाळी मी कानांना हेडफोन लावले, तर अनुषाबरोबर आणखी कुणीतरी श्वास घेत होतं.

२

आधी पंख्यावर संशय आला. पंखा बंद केला. हेडफोन बदलले. मग मनात आलं, प्रतिध्वनी असेल. पाठीमागे भिंत आहे, आवाज आपटून परत येत असेल. हे मला पटलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

पण प्रतिध्वनी मागून यायला हवा. हा कधी मागून यायचा, कधी अनुषाच्या आधी. तिचा श्वास जरा घाईचा, हा संथ. लांबलचक आत घ्यायचा आणि सोडायचं विसरल्यासारखा थांबायचा. अडखळ नाही. समोर बसलेल्या मुलांचे बुडबुडे लांबून बारीक येतात. हा जवळून येत होता.

जेवताना मी अनुषाला सांगितलं. तिने सार ओरपत ऐकलं.

"अगं, एखाद्या स्टुडंटचा असेल."

"ते समोर असतात. हा तुझ्या कानाशी आहे."

"आई, पाण्यात आवाज कुठून येतो ते माणसाला कळतच नाही. शास्त्र आहे ते."

"सरी," मी म्हटलं, कन्नडमधलं 'बरं'.

"तुझं सरी म्हणजे मुळीच पटलेलं नाही!" ती हसली, मग पानात बोट फिरवत बसली. "एक सांगू? शंतनु आज सगळ्यांच्या देखत बोलला मला. माझी हवा फार लवकर संपते हल्ली. बाकीच्यांच्या टाक्या अर्ध्यावर असतात आणि माझा काटा खाली टेकलेला. म्हणतो, 'अनुषा, आत देवमासा पाळलायस का?'"

"आणि तू?"

"मी काय? सगळे हसले, मी पण हसले."

मला राग येत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. आमची कावेरी म्हणजे गाय, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. त्या दुपारी मात्र मी ताटं एकमेकांवर आपटत उचलली. माझ्या दम्याच्या पोरीने कुठल्या कष्टाने श्वास साधलाय ते मला माहीत होतं. आणि हा सगळ्यांसमोर तिच्या श्वासावर विनोद करत होता.

पण ताट मोरीत ठेवताना दुसरीच गोष्ट लक्षात आली. तिची हवा दुप्पट संपते. आणि मला श्वास दोन ऐकू येतात.

३

पुढच्या फिल्मा मी आवाजासाठी नाही, चित्रासाठी पाहिल्या. आणि मला दिसलं की मुलं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. सुरुवातीला बघतात. मग एकेकाची नजर सरकते, कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे, वर, अनुषाच्या खांद्याच्या मागे. तिथे थांबते. आणि मग तो माणूस बोटांचा गोल करून दाखवतो. "ठीक आहे का?" असं कुणी विचारलं की पाण्याखाली असंच उत्तर द्यायचं असतं. न विचारता कुणी ती खूण करत नाही. अनुषाचे दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दांड्यांवर होते. चित्र जराही हललेलं नव्हतं. मग यांना विचारत कोण होतं?

त्यात मनस्विनी नावाच्या एका मुलीची फिल्म होती.

इथे एक सांगायला हवं. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टाकीला दोन नळ्या असतात. काळी स्वतःच्या तोंडात. पिवळी कमरेशी अडकवलेली, ती दुसऱ्यासाठी. पहिल्याच दिवशी शिकवतात, की कुणी गळ्यावरून आडवा हात फिरवला तर त्याची हवा संपली आहे. विचार करायचा नाही, कोण आहे ते बघायचं नाही, पिवळी नळी पुढे करायची. अनुषाने मला हे सांगितलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आमच्या घरातही दाराशी आलेल्याला आधी पाणी देतात, काम मग विचारतात.

मनस्विनी त्या खांद्यामागे बघत होती. एकदम दचकली. मग शहाण्या मुलीसारखी कमरेची पिवळी नळी सोडवून तिने पुढे धरली. तिचा हात चित्राच्या कडेबाहेर गेला. नळी ताणली गेली, पलीकडून कुणी घेतल्यासारखी. आणि त्या कडेकडून बुडबुडे वर जाऊ लागले.

फिल्म पाठवायची म्हणून मी तिला फोन लावला. नेहमी लावतेच. ती कन्नडमध्ये खूप उत्साहाने बोलली.

"आंटी, मी बरोबर केलं ना? त्या दुसऱ्या मॅडमनी हवा मागितली, मी लगेच दिली."

"कुठल्या दुसऱ्या मॅडम?"

"त्या नाही का, कॅमेरावाल्या मॅडमच्या मागे बसलेल्या."

"मागे भिंत आहे, बाळा."

तिकडून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता.

"हो," ती सावकाश म्हणाली. "भिंतच होती." आणि मग, जरा रुसल्यासारखं, "त्यांनी नळी फार वेळ घेतली, आंटी. परत देईचनात."

४

मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर उतरून मी ऑटो केला. सकाळची वेळ, लख्ख ऊन. तलावाचं पाणी निळं, स्वच्छ, तळाच्या फरश्यांच्या रेघा मोजता येतील असं. इथे भिण्यासारखं काय आहे, असं माझं मलाच वाटलं आणि त्याचाही राग आला.

अनुषा मुलांच्या पट्ट्या घट्ट करत होती. मला बघून तिने कपाळाला हात लावला. "अय्यो, आई! इथे कशाला?"

"शंतनुशी बोलायचंय."

शंतनु हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन आला. मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, एवढं म्हणायला हवं. मग लहान मुलाला समजवावं तसं बोलतो.

"काकू, सिंपल आहे. त्या भिंतीत खाली एक काच आहे. पलीकडे पंपाची खोली. पूर्वी तिथून पालक बघायचे. त्या काचेत लोकांना स्वतःचं रिफ्लेक्शन दिसतं. त्यालाच हाय करतात, त्यालाच नळी देतात. पहिल्यांदा पाण्यात गेलेला माणूस येडाच असतो."

मला एकदम हलकं वाटलं. काच. प्रतिबिंब. अनुषाला हे माहीत होतं, शंतनुला माहीत होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि हवा?" मी विचारलं. "तिची हवा दुप्पट का संपते?"

"स्टॅमिना, काकू. वय नाही तिचं, पण थोडं वजन, थोडं टेन्शन..."

"तिची पिवळी नळी काढून ठेव."

"काय?"

"काळी राहू दे. पिवळी काढ. म्हणजे तिच्यातून दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही."

तो मनापासून हसला. "पिवळीशिवाय मी कुणालाच पाण्यात सोडत नाही. नियम आहे. तुमच्याच मुलीच्या सेफ्टीसाठी आहे ते. दुसरं कुणी म्हणे! दुसरं कोण आहे तिथे?"

मुलं हसली. अनुषाही हसली, मान खाली घालून. मी चप्पल काढली, पदर खोचला आणि विचारलं, "पंपाची खोली कुठे आहे?"

५

"वर्ग संपेपर्यंत थांबा," शंतनु म्हणाला; मी काठावर थांबले, आणि मुलं वर यायची वेळ झाली तेव्हा एकटीच निघाले. ओल्या पायऱ्या उतरून खाली जायचं. क्लोरीनचा वास डोळ्यांना झोंबत होता. पंपाची घरघर इतकी, की दातांत जाणवावी. पंप सांभाळणारा मंजुनाथ स्टुलावर बसून डबा खात होता. समोरच्या भिंतीत दाराएवढी रुंद, कमरेपासून वर अशी काच होती. तिच्यावर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली.

"हे कागद कशाला?" मी कन्नडमध्ये विचारलं.

"ऊन येतं, अम्मा."

तळघरात कुठलं ऊन? मी कागदाला हात घातला. तो उठून उभा राहिला. "बेडा, अम्मा, बेडा." नको, नको. पण मला अडवायला पुढे आला नाही. डबा तसाच ठेवून पायऱ्या चढून गेला.

मी कागद फाडले.

कागद लावलेल्या काचेत प्रतिबिंब कसं दिसेल, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मला फक्त अनुषाची पाठ दिसत होती, हातभरावर. टाकी, वेणी पाण्यात तरंगणारी, दोन्ही बाजूंना कोपर. मुलांचा वर्ग संपला होता, एकेक जण वर निघाला होता. ती एकटी मागे राहून त्यांचे वर जाणारे पाय टिपत होती.

तिच्या कमरेशी पिवळी नळी नव्हती. ती मागे आली होती, सरळ, ताणलेली, माझ्या दिशेने. काचेजवळ येऊन खाली वळली होती, काचेच्या कडेच्या खाली, जिथे मला दिसत नव्हतं. तिथून बुडबुडे काचेला घासत वर येत होते. थांबत होते. पुन्हा येत होते. संथ.

मी कडेवरून वाकून बघायचा प्रयत्न केला. फक्त फरशी दिसली, आणि फरशीवर सावली पडावी तसं काहीतरी. सावलीच असेल. माझ्या गुडघ्यांसमोर, भिंतीच्या पलीकडे, ते होतं. मी वाकले तसे बुडबुडे थांबले.

आणि अनुषाचेही थांबले.

तिने काटा डोळ्यांसमोर धरला. मग छातीवर हात. मंजुनाथचा पाना उचलून मी काचेवर मारला. "वर ये! अनु, वर ये!" वर यायला तिला दोन-चार हातच मारायचे होते. पण शिकवलेलं अंगात किती मुरतं! ती वळली. मला पाहिलं. आणि माझ्याकडे बघून, पाण्यात दुसरं कुणी नव्हतं म्हणून माझ्याकडे बघून, तिने गळ्यावरून आडवा हात फिरवला.

मी काय देणार होते? माझे हात काचेच्या अलीकडे होते.

तेव्हा काचेच्या कडेखालून पिवळी नळी वर आली. कुणीतरी ती धरून वर केली होती. मला बोटांची टोकं दिसली, धुणं धुतल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. नळी अनुषाच्या तोंडासमोर येऊन थांबली. अनुषाने विचार केला नाही, कोण आहे ते बघितलं नाही. काळी नळी सोडली आणि पिवळी तोंडात धरली.

दोन्ही नळ्या त्याच टाकीच्या. टाकी रिकामी होती. तरी तिच्या तोंडातून बुडबुडे निघाले, मोठे, सावकाश.

६

ती वर आली तेव्हा सगळे काठावर जमले होते. शंतनुने तिचा काटा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "झिरो? अगं, मग तू एवढा वेळ..." ती हसली. "जमलं," एवढंच म्हणाली.

ऑटोत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. केसांतून पाणी गळत होतं. ट्रॅफिक अडला होता, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी तिचा श्वास ऐकत होते. आत, लांबलचक. थांबला. किती वेळ थांबला! मग बाहेर. पुन्हा आत.

अडखळ नव्हती.

"अनु," मी विचारलं, "खाली काय घेतलंस तू?"

"हवा. आणखी काय?"

"कुणाची?"

तिने डोकं उचललं नाही. "आई, स्वल्प गप्प बस ना," ती प्रेमाने म्हणाली, आणि माझा हात हातात घेतला. तिची बोटं पाण्यातून आल्यामुळे सुरकुतलेली होती. तेवढंच असेल.

घरी ती जेवली, झोपली, गुरुवारी माझ्याबरोबर मठात आली. सारं जसंच्या तसं. ती आता मला उलटून बोलत नाही, माझ्या "सरी"ला हसत नाही. आठवड्याने शंतनुचा फोन आला, आवाज आनंदाने फुटलेला.

"काकू, काय खायला घातलंत तिला? हवा लागतच नाही हो! काटा जागचा हलत नाही. माझी बेस्ट डायव्हर आहे ती आता."

माझ्या पोरीचा श्वास गेला होता आणि हा माणूस मला त्याबद्दल शाबासकी देत होता. मी फोन ठेवला नाही, भिंतीवर आपटला. आयुष्यात पहिल्यांदा वस्तू मोडली. आवाज ऐकून अनुषा दारात आली, तुकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे, आई." माझी अनुषा भांडली असती. फोनवरून तर नक्कीच.

७

नव्या फिल्मा आल्या. मी दार लावून घेतलं आणि हेडफोन घातले.

जवळचा श्वास संथ, लांब, सुरळीत. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. त्या श्वासाच्या मागे, फार बारीक, दुसरा होता. घाईचा. आत घेताना शेवटी पायरी चुकत होती.

मी तो आवाज पुसला नाही. पाटावर बसून पुन्हा पुन्हा ऐकला, आणि रडू येईल असं वाटलं होतं ते आलं नाही. डोकं तापत गेलं. एवढी मोठी झाली तरी मी तिला पावसात भिजू देत नव्हते, आणि ती तिथे भिंतीशी बसून कुणीतरी हवा द्यावी म्हणून वाट बघत होती.

सुटीच्या दिवशी मी तलावावर गेले आणि म्हटलं, मला उतरायचंय.

"काकू, ह्या वयात?" शंतनु म्हणाला. "पोहता येतं?"

"बसायचंच आहे ना तळाशी? मला बसता येतं."

अनुषा शेजारी उभी होती. "नको, आई," ती म्हणाली. "तुला पाण्याची भीती वाटते." अगदी हळू, मऊ. मग पुन्हा, "नको."

मला भीती वाटते, हे खरं आहे. काळा रबरी पोशाख मी पाण्याकडे पाठ करून चढवला. डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा मी शंतनुच्या हाताला नखं रुतवली. पण पहिला श्वास आला, फुसकारा, खळखळ, आणि हा आवाज तर मी रोज ऐकत होते. तळाशी मी गुडघे टेकले. समोर अनुषा भिंतीला पाठ लावून बसली आणि तिने कॅमेरा उचलला.

मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या खांद्यामागे बघितलं. तिथे फरशी होती, काच होती, काचेखाली थोडा अंधार.

कुणी मागायच्या आधीच मी कमरेची पिवळी नळी सोडवली आणि हात पोचेल तेवढा लांब केला.

बराच वेळ काहीच झालं नाही. शंतनुने माझ्या खांद्यावर थोपटलं, वर चला अशी खूण केली. मी मान हलवली. मग नळीला हलकासा ओढा लागला. लहान मूल बोट धरतं तेवढाच. नळी ताणली गेली. आणि पाण्यातून, कुठूनही नाही आणि सगळीकडून, तो श्वास आला. घाईचा, आणि शेवटी अडखळणारा.

मी मूठ आणखी घट्ट केली आणि नळी स्वतःकडे ओढायला लागले, एकेक वीत, विहिरीतून दोर ओढावा तशी.

शंतनु मला वर खेचत होता. समोर अनुषाने कॅमेरा सोडून दिला. तो सावकाश तळाला जाऊन टेकला. मुखवट्याच्या काचेआड तिचे डोळे मोठे झाले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला राग आलेला मी बघत होते.

माझा राग तिच्याहून मोठा होता.